मोलर वस्तुमानाचं उत्तर जुळत नाही? चूक कुठं शोधायची

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, कुठलंही कॉलेज घ्या. पीयूसीच्या पहिल्या वर्षाचे, म्हणजे अकरावीचे, वर्ग सुरू झाले की थोड्याच दिवसांत एक तक्रार हमखास कानावर येते: "सर, मोलर मासचं आन्सर जुळेना झालंय." मोलर मास म्हणजे मोलर वस्तुमान, एक मोल (म्हणजे ठरीव संख्येएवढे कण) पदार्थाचं ग्रॅममधलं वस्तुमान. पुस्तकाच्या मागं एक आकडा, वहीत दुसरा. पोरगं तेच गणित पुन्हा करतं, पुन्हा तोच चुकीचा आकडा येतो, आणि मग ते मागचं उत्तर बघून गणित तिकडं वळवायला लागतं. हा शेवटचा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तेव्हापासून चूक शोधणंच बंद होतं.

दहावीपर्यंत मराठी माध्यमात शिकलेल्या मुलांना, आणि त्यांच्या आईवडिलांनाही, वाटतं की अचानक सगळं इंग्रजीत आल्यामुळं असं होतंय. अणुवस्तुमान, संयुजा, मूलद्रव्य हे सगळं पाठ होतं. आता हातात इंग्रजी पुस्तक आणि फळ्यापुढं अर्धं कन्नड, अर्धं इंग्रजी बोलणारे लेक्चरर. अडचण खरी आहे. पण या गणितातली चूक तिथनं येत नाही. इंग्रजी शाळेतनं आलेली पोरंही नेमकी त्याच जागी अडखळतात. बेरीज-गुणाकार सगळ्यांना येतो. चुकतं ते सूत्र वाचणं. कुठल्या मूलद्रव्याचे किती अणू आहेत हे मोजायच्या आधीच हात कॅल्क्युलेटरकडं गेलेला असतो.

म्हणून माझा उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे. कॅल्क्युलेटर बाजूला ठेवा. वहीत आधी अणूंची यादी करा: मूलद्रव्याचं नाव, त्यापुढं अणूंची संख्या, त्यापुढं अणुवस्तुमान. यादी पूर्ण झाल्यावर गुणाकार, सगळ्यात शेवटी बेरीज. एका ओळीत गणित उरकणाऱ्यांना हे बालिश वाटतं. पण उत्तर चुकलं तर चूक यादीत दिसते, एका ओळीच्या गणितात ती दडून बसते.

खाली सूत्रं मी मुद्दाम चिन्हांऐवजी शब्दांत सांगितली आहेत. फोनवरून एकमेकांना पाठवताना खाली लिहायचे बारीक आकडे वर येऊन बसतात, कंस गळतात, आणि बऱ्याच चुका तिथंच सुरू होतात. शिवाय सूत्र तोंडानं म्हणता आलं की यादी निम्मी तयार झालेली असते.

आकडे हे घेतलेत: हायड्रोजन १.००८, कार्बन १२.०११, नायट्रोजन १४.००७, ऑक्सिजन १५.९९९, सोडियम २२.९९०, ॲल्युमिनियम २६.९८२, फॉस्फरस ३०.९७४, गंधक ३२.०६, क्लोरीन ३५.४५, पोटॅशियम ३९.०९८, कॅल्शियम ४०.०७८, लोह ५५.८४५, तांबं ६३.५४६, जस्त ६५.३८. पाण्याचे १८.०१५ वेगळे लिहून ठेवा, सारखे लागतात.

उत्तर निम्मं किंवा दुप्पट येतंय

कार्बन डायऑक्साइड ४४ ऐवजी २२ आला, तर अणुवस्तुमानाच्या जागी अणुक्रमांक घेतलाय: कार्बनचे ६ आणि ऑक्सिजनचे दोन वेळा ८. हलक्या मूलद्रव्यांत अणुवस्तुमान अणुक्रमांकाच्या साधारण दुप्पट असतं, म्हणून उत्तर बरोब्बर अर्धं. हायड्रोजन आला की ही खूण मोडते, कारण त्याचे दोन्ही आकडे एकच. त्यामुळं पाणी ९ येत नाही, १० येतं. आवर्तसारणीच्या चौकटीत कुठला आकडा वर आणि कुठला खाली हे प्रत्येक तक्त्यात वेगळं असतं. नेहमीच्या मूलद्रव्यांत दशांश असलेला आकडा घ्यायचा.

दुप्पट येत असेल तर समीकरणातला पुढचा आकडा आत ओढला गेलाय. समीकरणात पाण्यापुढं २ लिहिलं म्हणून पाण्याचं मोलर वस्तुमान ३६ होत नाही. ते १८ च. ३६ ग्रॅम हे दोन मोल पाण्याचं वस्तुमान. आणि नुसतं "ऑक्सिजन वायू" म्हटलं की रेणूत दोन अणू, म्हणजे ३२. "ऑक्सिजनचा अणू" म्हटलं तर १६. पेपर काढणारे इथं मुद्दाम फसवतात.

कार्बन डायऑक्साइड २२४ कसा आला?

हा आकडा दाखवणारं पोरगं प्रामाणिक असतं. त्याची यादी बरोबर असते, अणुवस्तुमानं बरोबर असतात, तरी २२४.१६. त्याला विचारायचं: कॅल्क्युलेटर कुठला? खडेबाजारातल्या दुकानांच्या गल्ल्यावर असतो तो साधा कॅल्क्युलेटर, बऱ्याचदा वडिलांचाच. त्याला आधी गुणाकार मग बेरीज हा नियम ठाऊक नसतो. जशी बटणं दाबाल तसं तो पुढं जातो. १२.०११ अधिक २ म्हणजे १४.०११, त्याला गुणिले १५.९९९, झाले २२४. त्यावर गुणाकार आधी करून एम-प्लसमध्ये साठवायचे आणि शेवटी सगळं एकदम काढायचं. सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर हा त्रास नाही. पण नीट आणि सीईटीला कॅल्क्युलेटर नेताच येत नाही, तेव्हा हातानं करायची सवय आत्ताच लावलेली बरी.

कंसाबाहेरचा आकडा

चुन्याची निवळी ज्याची करतात तो कॅल्शियम हायड्रॉक्साइड घ्या. कॅल्शियम एक; कंसात ऑक्सिजन एक, हायड्रोजन एक; कंसाबाहेर दोन. यादी: कॅल्शियम १, ऑक्सिजन २, हायड्रोजन २. उत्तर ७४.०९. उत्तर ५८.०९ आलं तर दोननं फक्त हायड्रोजनला गुणलंय. ५७.०९ आलं तर कंसाबाहेरच्या दोनकडं बघितलंच नाही. ११४.१७ आलं तर दोननं कॅल्शियमलाही गुणून टाकलंय. चुकीचा आकडाच सांगतो की हात कुठं घसरला.

इथं एक जुनी भानगड आहे. आपण तिन्ही गोष्टींना चुनाच म्हणतो. भट्टीतनं निघालेला कळीचा चुना म्हणजे कॅल्शियम ऑक्साइड, ५६.०८. पाण्यात विरवलेला, निपाणीकडं तंबाखूबरोबर मळतात तो, ७४.०९. आणि चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट, १००.०९. सोड्याचंही तेच: खाण्याचा सोडा ८४.०१, कॉस्टिक सोडा ४०.००, आणि स्फटिकी धुण्याचा सोडा तब्बल २८६.१४. गणित मांडायच्या आधी पदार्थ नक्की कुठला ते ठरवा.

कंसांचा खरा कस ॲल्युमिनियम सल्फेटला लागतो. ॲल्युमिनियम दोन, कंसात गंधक एक, ऑक्सिजन चार, बाहेर तीन. गंधक ३ आणि ऑक्सिजन १२ होतात. बेरीज ३४२.१३. आता साखर करा, म्हणजे सुक्रोज: कार्बन १२, हायड्रोजन २२, ऑक्सिजन ११. ती येते ३४२.३०. साखर कारखान्यांच्या या जिल्ह्यात हा योगायोग मला फार आवडतो. दोन पदार्थांत ऑक्सिजन सोडला तर सामाईक काहीच नाही आणि मोलर वस्तुमान पूर्णांकात एकच. तेव्हा उत्तर ओळखीचं वाटलं म्हणून ते आपल्याच पदार्थाचं असेल असं समजू नका.

मोरचुदाचा ठिपका

सगळ्यात जास्त तक्रारी इथल्या. अथणीकडच्या द्राक्षबागांत बोर्डो मिश्रणासाठी आणतात ते निळे खडे म्हणजे मोरचूद. सूत्र म्हणायचं असं: तांबं एक, गंधक एक, ऑक्सिजन चार, मग मध्यावर एक ठिपका, मग पाच पाणी. हा ठिपका दशांशचिन्ह नाही आणि गुणाकाराची खूणही नाही. त्याचा अर्थ एवढाच की स्फटिकात प्रत्येक कॉपर सल्फेटबरोबर पाण्याचे पाच रेणू बसलेत. कॉपर सल्फेट १५९.६०, पाच पाणी ९०.०८ च्या आतबाहेर, एकूण २४९.६८.

चुकीची उत्तरं बघा. १५९.६०: पाणी विसरलं. १७७.६२: एकच पाणी धरलं. १४,३७६: ठिपका म्हणजे गुणिले समजून दोन्ही भाग गुणले, असं उत्तर आल्यावर तरी थांबून विचार करावा, पण काही जण दोन दशांश स्थळांसकट तेही लिहून मोकळे होतात.

खरी मजा पुढच्या दोन आकड्यांत आहे. कुणाचं १८५.६२ येतं, कुणाचं १८५.६८. दोघं एकमेकांचं बघून म्हणतात, "जवळजवळ तेच आलंय की, पुस्तकच चुकलं असेल." दोघांच्या चुका मात्र वेगळ्या आहेत. पहिल्यानं सूत्र फोनवरच्या मोलर मास काढणाऱ्या कॅल्क्युलेटरमध्ये टाकलं. तिथं ठिपक्याच्या जागी कीबोर्डवरचा पूर्णविराम गेला, आणि ऑक्सिजनच्या चाराला पाच चिकटून साडेचार ऑक्सिजन झाले. पाणी उरलं एकच. दुसऱ्यानं हातानं केलं, पण पाचनं फक्त पाण्यातल्या हायड्रोजनला गुणलं, ऑक्सिजन तसाच राहिला. पहिल्याच्या यादीत ऑक्सिजन साडेपाच आणि हायड्रोजन दोन. दुसऱ्याच्या यादीत ऑक्सिजन पाच आणि हायड्रोजन दहा. अर्धा ऑक्सिजन आणि आठ हायड्रोजन यांचं वजन जवळपास सारखं, म्हणून उत्तरं शेजारी शेजारी येऊन बसली. यादी लिहिली असती तर "ऑक्सिजन ५.५" हे वाचूनच कळलं असतं, साडेपाच अणू कुठनं येणार? बरोबर यादी अशी: तांबं १, गंधक १, ऑक्सिजन ९, हायड्रोजन १०.

फोनवर टाकायचंच असेल तर पाण्याचा भाग कंसात घालून कंसाबाहेर पाच लिहा. मग ठिपक्याची गरजच उरत नाही.

प्रॅक्टिकलला हीच चूक महाग पडते. मोहर सॉल्टचं ०.१ मोलर (लिटरला ०.१ मोल) द्रावण २५० मिली करायचं आहे. हे मीठ म्हणजे फेरस सल्फेट, अमोनियम सल्फेट आणि सहा पाणी. मोलर वस्तुमान ३९२.१, म्हणजे ९.८० ग्रॅम तोलायचं. सहा पाणी विसरलात तर २८४.० येतं आणि तुम्ही ७.१० ग्रॅमच तोलता. द्रावण ०.१ ऐवजी ०.०७२ मोलर होतं. मग ०.०२ मोलर पोटॅशियम परमँगनेटशी १० मिलीचं टायट्रेशन केलं की ब्युरेटमध्ये १० च्या ऐवजी ७.२ ला रंग टिकतो. पोरं ब्युरेट धुतात, पिपेट बदलतात, मॅडमना विचारतात, तिन्ही रीडिंग अगदी जुळलेली असतात, आणि उत्तर तरी चूक. रीडिंग एकमेकांशी जुळतायत पण अपेक्षेपेक्षा २८ टक्के कमी आहेत, असं दिसलं की काचसामान सोडा आणि तोललेलं वजन तपासा.

तुरटीलाही हेच लागू: पोटॅशियम १, ॲल्युमिनियम १, गंधक २, ऑक्सिजन ८, वर बारा पाणी. ४७४.४ यायला पाहिजे, २५८.२ आलं तर पाणी राहिलं.

तेच पांढरं चूर्ण, एकदा ७८ आणि एकदा १५६

बेळगावात हिंदाल्कोचा ॲल्युमिना कारखाना आहे, त्यामुळं बायर पद्धतीवर प्रश्न आला की इथली पोरं जरा कान टवकारतात. बॉक्साइट गरम कॉस्टिक सोड्यात विरघळवायचं, गाळ बाजूला करायचा, द्रावणातनं ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड खाली बसवायचं, आणि ते हजार अंशांच्या आसपास भाजून ॲल्युमिना काढायचा.

घोळ मधल्या पदार्थाचा. पाठ्यपुस्तक त्याला ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड म्हणतं: ॲल्युमिनियम एक, कंसात ऑक्सिजन-हायड्रोजन, बाहेर तीन. मोलर वस्तुमान ७८.००. दुसऱ्या पुस्तकात तोच पदार्थ ॲल्युमिना, ठिपका, तीन पाणी असा लिहिलेला असतो. ते होतं १०१.९६ अधिक ५४.०५, म्हणजे १५६.०१. दोन पुस्तकं, दोन उत्तरं, एक नेमकं दुसऱ्याच्या दुप्पट. पोरं विचारतात, खरं कुठलं? दोन्ही. पहिल्या सूत्रात ॲल्युमिनियमचा एक अणू मोजलाय, दुसऱ्यात दोन. पोत्यातला माल बदलला नाही, आपण एक मोल कशाला म्हणायचं ते बदललं.

गणित चुकतं ते दोन्हीची सरमिसळ केल्यावर. समीकरण पहिल्या पुस्तकातलं घेतलं, जिथं हायड्रॉक्साइडचे दोन मोल भाजून ॲल्युमिनाचा एक मोल मिळतो, आणि मोलर वस्तुमान दुसऱ्या पुस्तकातलं, १५६. मग ३१२ किलो भाजून १०२ किलो ॲल्युमिना मिळतो असं निघतं आणि उरलेले २१० किलो कुठं गेले याचा पत्ता लागत नाही. तपासायची रीत: समीकरणाच्या दोन्ही बाजूंचं एकूण वस्तुमान काढा. डावीकडं दोन वेळा ७८, म्हणजे १५६. उजवीकडं १०२ ॲल्युमिना आणि ५४ पाणी, म्हणजे १५६. भाजताना सुमारे ३४.६ टक्के वजन पाण्याच्या वाफेत जातं. कुठल्याही पुस्तकातलं सूत्र घ्या, ही टक्केवारी बदलत नाही. मोलर वस्तुमान संशयास्पद वाटलं की मी पहिल्यांदा टक्केवारीच काढायला लावतो.

खताच्या पोत्यावर ताळा

टक्केवारीचा ताळा घरातही करता येतो, कारण ऊस लावणाऱ्याच्या घरी पोती असतातच. युरिया: कार्बन एक, ऑक्सिजन एक, कंसात नायट्रोजन एक आणि हायड्रोजन दोन, बाहेर दोन. ६०.०६. त्यात नायट्रोजन २८.०१, म्हणजे ४६.६ टक्के. पोत्यावर ४६. जुळलं. कंसाबाहेरचा दोन विसरून ४४.०३ काढलं असतं तर नायट्रोजन ३१.८ टक्के निघाला असता आणि पोत्यानंच चूक दाखवली असती.

झिंक सल्फेटच्या पिशव्या दुकानात दोन तऱ्हेच्या मिळतात, एकीवर जस्त २१ टक्के, दुसरीवर ३३. दुकानदाराची फसवणूक नव्हे. पहिलीत झिंक सल्फेटबरोबर सात पाणी (२८७.५), दुसरीत एकच पाणी (१७९.५). हिशोबानं जस्त २२.७ आणि ३६.४ टक्के येतं. पिशवीवर किमान मर्यादा छापतात, म्हणून थोडं कमी.

पोटॅशच्या पोत्यावर मात्र अडकायला होतं. पोटॅशियम क्लोराइड ७४.५५, त्यात पोटॅशियम ५२.४ टक्के. पोत्यावर ६०! शुद्ध मिठात जेवढं मावतं त्याहून जास्त पोटॅशियम पोत्यात कसं? ते पोटॅशियमचे टक्के नसतातच. खताच्या धंद्यात पोटॅशियम हा पोटॅशियम ऑक्साइड धरून मोजायची जुनी रीत आहे. तसं केलं की शुद्ध क्लोराइडला ६३.२ येतात आणि ६० बसतात. डीएपीच्या (डायअमोनियम फॉस्फेटच्या) ४६ चंही तेच, तिथं फॉस्फरस हा पेंटॉक्साइड धरून मोजलेला असतो. नुसता फॉस्फरस काढलात तर शुद्ध डीएपीत २३.५ टक्केच निघेल आणि आपलंच गणित निम्म्यानं चुकलं असं वाटेल.

कॅपिटल आणि स्मॉल

फोनचा कीबोर्ड पहिलं अक्षर मोठं करतो, पुढची लहान. रसायनशास्त्रात त्यानं पदार्थच बदलतो. कार्बन मोनॉक्साइड टाकायला गेलात आणि दुसरं अक्षर लहान पडलं, की कॅल्क्युलेटर कोबाल्ट समजून २८.०१ ऐवजी ५८.९३ देतो. नायट्रिक ऑक्साइडचं नोबेलियम होतं. हायड्रोजन फ्लोराइड २०.०१ चा हाफ्नियम होऊन १७८.४९ वर जातो. वहीत तर कॅल्शियम कार्बोनेटमधला ओ सर्रास लहान काढलेला असतो. तसं शब्दशः वाचलं तर कॅल्शियम आणि तीन कोबाल्ट, २१६.८८. माणूस समजून घेतो, यंत्र घेत नाही.

आकड्यांचीही एक खोड आहे, खास मराठी शाळेतनं आलेल्यांची. घाईत काढलेला आपला १ इंग्रजी नऊसारखा दिसतो. वहीत अर्धे आकडे मराठी आणि अर्धे इंग्रजी असले की १.००८ चा ९.००८ होतो. या गणितांपुरती तरी एकच लिपी ठेवा, कुठलीही चालेल.

दुसऱ्या-तिसऱ्या दशांशात फरक पडतोय

पडू द्या. मीठ एका ठिकाणी ५८.४४, दुसऱ्या ठिकाणी ५८.५ असेल तर कुणीच चुकलेलं नाही. क्लोरीनचा आकडा ३५ किंवा ३६ का घेत नाहीत हे मात्र समजून घ्या. निसर्गात क्लोरीनचे दोन समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे अणू) असतात, सुमारे ७५.८ टक्के ३५ चा आणि २४.२ टक्के ३७ चा. त्यांची भारित सरासरी ३५.४५. क्लोरीनला ३५.५ आणि तांब्याला ६३.५ एवढे अर्धे सांभाळले तर परीक्षेत बाकीच्यांचे पूर्णांक चालतात.

समस्थानिकांचं हे प्रमाण जागेनुसार किंचित बदलतं, म्हणून आययूपीएसी ही संस्था २००९ च्या तक्त्यापासून हायड्रोजन, कार्बन, गंधक, क्लोरीन अशा काही मूलद्रव्यांना एका आकड्याऐवजी पट्टाच देते. क्लोरीनचा ३५.४४६ ते ३५.४५७. वेगवेगळ्या तक्त्यांत गंधक कुठं ३२.०६, कुठं ३२.०६५ दिसतो त्याचं कारणही हेच. तसंच २० मे २०१९ पासून मोलची व्याख्या बदलून तो ६.०२२१४०७६ × १०²³ या ठरीव संख्येवर बांधला. तुमच्या बेरजेत त्यानं काहीही फरक पडत नाही, फक्त जुन्या गाइडमधली कार्बन-१२ ची व्याख्या पेपरात लिहू नका.

मोलर वस्तुमान बरोबर, पुढचं उत्तर भलतंच

वायूच्या रेणूंचा वेग काढताना हे होतं. ३०० केल्विनला ऑक्सिजनच्या रेणूंचा वर्गमाध्य वेग (वेगांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ) काढायला सांगितला, मोलर वस्तुमान ३२ घेतलं, उत्तर आलं सेकंदाला १५.३ मीटर. म्हणजे तासाला ५५ किलोमीटर. बेळगाव-कोल्हापूर हायवेवरची बस ऑक्सिजनला ओव्हरटेक करून जाईल. वायुस्थिरांक ८.३१४ ज्यूलमध्ये असला की वस्तुमान किलोग्रॅममध्ये हवं: ०.०३२ किलोग्रॅम प्रति मोल. मग वेग येतो सेकंदाला सुमारे ४८४ मीटर. चुकीचं उत्तर खऱ्याच्या ३१.६ पट कमी किंवा जास्त असेल, तर तो हजाराचा वर्गमूळ आहे. ग्रॅम-किलोग्रॅमची गल्लत, दुसरं काही नाही.

सगळं तपासलं, तरी जुळत नाही

मग लॅबमधली बाटली बघा. बहुतेक रसायनांच्या बाटलीवर सूत्राशेजारी मोलर वस्तुमान छापलेलं असतं. तुमच्या हिशोबात मोरचूद २४९.७ आणि बाटलीवर १५९.६ असेल, तर बाटलीत निर्जल कॉपर सल्फेट आहे. झाकण उघडा, चूर्ण निळं न दिसता पांढुरकं दिसेल. बाटलीवर आणि वहीत एकच आकडा आणि पुस्तकात वेगळा, तर छपाईची चूक धरायला हरकत नाही. गाइडांत कंसाबाहेरचे आकडे आणि ठिपक्यानंतरचं पाणी सर्रास गळलेलं असतं. पण त्याआधी यादीतल्या प्रत्येक मूलद्रव्याची टक्केवारी काढून बेरीज १०० येते का बघा. आणि मला किंवा कुणालाही फोटो पाठवून विचारणार असाल तर उत्तराचा नको, यादीचा पाठवा.